ग्लिसरीन लावूनही त्वचा ओढते, बाटली गढूळ होते, साबणाला घाम सुटतो: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

थंडी सुरू झाली की घरोघरी ग्लिसरीन-गुलाबपाण्याची बाटली भरली जाते. दिवाळीच्या आधी घरचे साबण होतात, पायांच्या भेगांसाठी काहीबाही मिश्रणं होतात. आमच्या भागातल्या बचत गटांच्या बायकांना मी हे शिकवते, आणि बिघडलेल्या बाटल्या, साबणही त्या माझ्याकडेच घेऊन येतात. तक्रारी दरवर्षी त्याच असतात आणि बहुतेकींचं मूळ एकच असतं. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते, त्याच क्रमाने लिहिते. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग वेळखाऊ आणि खर्चिक.

लक्षणं

तुमची तक्रार यांपैकी कोणती, ते आधी ठरवा. दोन-तीन एकत्र असली तरी हरकत नाही.

- लावल्यावर अर्धा तास झाला तरी चेहरा चिकट राहतो, केस गालाला चिकटतात, बाहेर गेलं की धूळ बसते.
- रात्री लावताना मऊ वाटतं, सकाळी त्वचा आधीपेक्षा जास्त ओढलेली असते. ओठ उलतात.
- लावताच चुरचुरतं, गरम लागतं किंवा लाली येते.
- बाटलीतलं मिश्रण गढूळ होतं, तळाशी साका बसतो, तारेसारखं काहीतरी तरंगतं, वास आंबूस होतो.
- तेल घातलं असेल तर ते वर तरंगतं, कितीही ढवळलं तरी एकजीव होत नाही.
- सोप बेसपासून (वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण) केलेल्या साबणावर पाण्याचे थेंब जमतात. पावसाळ्यात तर वडी पुसून ठेवली तरी तासाभरात पुन्हा ओली.
- बाथ सॉल्टचा गोळा होतो, बाथ बॉम्ब (अंघोळीच्या पाण्यात टाकल्यावर फसफसणारा गोळा) डब्यातच फुगतो आणि भेगाळतो.

यातलं बरंचसं एका गुणामुळे होतं

ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. त्याच्या रेणूवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात आणि पाण्याचे रेणू त्यांना सहज बांधले जातात. आपल्या त्वचेच्या वरच्या थरातही स्वतःचं ग्लिसरीन असतं आणि त्वचा ओलसर राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे. म्हणजे हा पदार्थ त्वचेला परका नाही. पण ग्लिसरीन स्वतः पाणी नाही, आणि पाणी कुठून घ्यायचं हे ते निवडत नाही. तुम्ही लावलेल्या गुलाबपाण्यातलं मिळालं तर ते, दमट हवेतलं मिळालं तर ते. हवा अगदी कोरडी असेल आणि ग्लिसरीन दाट लावलं असेल तर खालच्या त्वचेतलं पाणीही ते ओढतं. चेहरा ओढणं, साबणाला घाम सुटणं, बाथ बॉम्ब डब्यात फुगणं या तिन्ही तक्रारी इथूनच येतात. त्यामुळे पुढे दर वेळी एकच प्रश्न विचारायचा आहे: या मिश्रणात ग्लिसरीन किती, आणि त्याला पाणी कुठून मिळतंय?

पहिली तपासणी: लावायची पद्धत (खर्च शून्य)

इथूनच सुरुवात करा, कारण कोरडेपणाच्या निम्म्याहून अधिक तक्रारी माझ्याकडे इथेच सुटतात. बाटलीत काही दोष नसतो. कोरड्या चेहऱ्यावर, पंख्याखाली किंवा एसीत बसून मिश्रण लावलेलं असतं. वर काहीच लावलेलं नसतं. पाणी दहा-पंधरा मिनिटांत उडून जातं आणि मागे राहतो तो दाट ग्लिसरीनचा थर. तोच चिकटतो आणि तोच पुढे त्वचा ओढतो.

तीन रात्री एक साधी तुलना करून बघा. उजव्या गालावर नेहमीसारखं लावा. डावा गाल ओला करा, टॉवेलने नुसता टिपून घ्या, घासू नका, आणि ओलसर असतानाच दोन-तीन थेंब लावा. लगेच वर नेहमीच्या क्रीमचा पातळ हात फिरवा. हातापायांना खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली चालते. मुरमं येणाऱ्या चेहऱ्यावर मात्र खोबरेल नको, तिथे हलकं क्रीमच बरं. सकाळी दोन्ही गालांवर बोट फिरवा. डावीकडे फरक पडला असेल तर तुमची तक्रार इथेच संपली, पुढचं काही विकत आणायची गरज नाही.

वरचा स्निग्ध थर का हवा? ग्लिसरीन पाणी बांधतं, पण त्याला झाकत नाही. झाकण्याचं काम तेल, मेण, जेली करतात. विदर्भात, मराठवाड्यात, नाशिक-पुण्याच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत हवा इतकी कोरडी असते की झाकलं नाही तर ओलावा टिकतच नाही. कोकणात आणि मुंबईत हीच बाटली वरच्या थराशिवायही चालून जाते. म्हणून मुंबईच्या बहिणीने सांगितलेली कृती नागपुरात फसते, आणि दोष बिचाऱ्या गुलाबपाण्यावर जातो.

दुसरी तपासणी: प्रमाण (खर्च शून्य, घरात वजनकाटा असला तर उत्तम)

'अर्धं ग्लिसरीन, अर्धं गुलाबपाणी' ही सगळ्यांच्या तोंडी बसलेली कृती आहे. चेहऱ्यासाठी ती फार जड आहे. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असतं, १०० मिली ग्लिसरीनचं वजन साधारण १२६ ग्रॅम भरतं. त्यामुळे अर्धं-अर्धं मापाने घेतलं तरी वजनाने ग्लिसरीन ५६ टक्क्यांच्या आसपास जातं. बाजारातल्या चेहऱ्याच्या क्रीममध्ये ते बहुधा ३ ते १० टक्के असतं. दहाच्या वर गेलं की चिकटपणा जाणवायला लागतो.

माझं मोजमाप असं:

- चेहऱ्यासाठी: १०० मिली गुलाबपाण्यात एक सपाट छोटा चमचा, म्हणजे ५ मिली ग्लिसरीन. हे वजनाने सुमारे ६ टक्के होतं. तेलकट त्वचेला अर्धा चमचाही पुरतो.
- हात, कोपरं, पोटऱ्या: १०० मिलीत दोन चमचे.
- टाचा: तीन ते चार चमचे, ओल्या पायांवर, वर जेली आणि सुती मोजे.

चमचा हा घरातला कुठलाही नको. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं ५ मिलीचं झाकण किंवा चमचा घ्या. आमच्याकडे पोह्यांच्या चमच्याने मोजलेल्या बाटल्या येतात, त्यात ग्लिसरीन दुप्पट-तिप्पट निघतं.

जुनी बाटली टाकून द्यायची गरज नाही. ती ताजी आणि स्वच्छ असेल तर आणखी गुलाबपाणी घालून पातळ करा. निव्वळ ग्लिसरीन थेट चेहऱ्यावर किंवा ओठांवर लावू नका. पाण्यात मिसळताना ते थोडी उष्णता सोडतं, म्हणून ओलसर ओठांवर गरम लागतं. कोरड्या हवेत तेच पुढे ओठांतलं पाणी ओढतं. ओठांना ग्लिसरीन द्यायचंच असेल तर ते पातळ करून द्या, आणि वर तूप किंवा जेली हवीच.

तिसरी तपासणी: बाटलीत आणखी काय आहे (खर्च शून्य, लेबल वाचायला हवं)

चुरचुरण्याची तक्रार असेल तर मी आधी लिंबाबद्दल विचारते. 'ग्लिसरीन, लिंबू, गुलाबपाणी' ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली त्रयी आहे आणि ती सोडायला बायका सहजी तयार होत नाहीत. पण लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) २ ते २.५ च्या दरम्यान असतो, तर त्वचेचा साधारण ५ च्या आसपास. उललेल्या, तडकलेल्या त्वचेवर एवढं आम्ल लावलं की आग होणारच. दुसरा धोका जास्त वाईट आहे. लिंबूवर्गीय फळांच्या रसातली काही द्रव्यं त्वचेवर राहिली आणि त्यावर ऊन पडलं की फोड येऊ शकतात, आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. डाग घालवायला लिंबू लावायचं आणि नवा डाग घेऊन बसायचं, हे मी इतक्या जणींच्या बाबतीत बघितलं आहे की या मुद्द्यावर मी ऐकून घेत नाही. लिंबू काढा. त्याने काहीही अडत नाही.

मग गुलाबपाणी. किराणा दुकानात, पूजेच्या साहित्यात आणि मेडिकलमध्ये गुलाबपाणी नावाच्या तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. पूजेचं गुलाबपाणी म्हणजे बहुतेक वेळा पाणी आणि कृत्रिम सुवास, ते चेहऱ्यासाठी केलेलं नसतं. सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेलं, घटक आणि अंतिम तारीख छापलेलं घ्या. सुवासाने त्वचेला त्रास होतो अशी शंका असेल तर गुलाबपाणी पूर्ण काढून उकळून गार केलेल्या पाण्यात ग्लिसरीन मिसळून आठवडाभर बघा. त्रास थांबला तर दोष वासाचा होता.

इसेन्शियल ऑइल घातलं असेल तर तेही थांबवा. ही तेलं ना पाण्यात विरघळतात ना ग्लिसरीनमध्ये. ती वर थेंबाच्या रूपात राहतात आणि एखाद्या दिवशी तो अख्खा थेंब गालावर येतो. खोबरेल किंवा बदामाचं तेल घातल्यावर वर येतं तेही याच कारणाने. ग्लिसरीन घट्टसर दिसतं म्हणून ते तेल-पाणी जोडून देईल असं वाटतं, पण तेलाशी त्याचं जमत नाही. जोडायला इमल्सिफायर लागतो आणि तेल-पाणी दोन्ही वेगवेगळं तापवून मिसळावं लागतं. एवढा खटाटोप नको असेल तर आधी ग्लिसरीनचं पाणी, मग वरून तेल, असं दोनदा लावा. परिणाम तोच मिळतो.

चौथी तपासणी: बाटली, वास आणि दिवस (खर्च: नवी बाटली)

गढूळपणा, साका, तारा, आंबूस वास यांपैकी काहीही दिसलं तर ते मिश्रण टाकून द्यायचं. गाळून, उकळून, जास्त ग्लिसरीन घालून वाचवायचा प्रयत्न नको. जंतू वाढलेले असतात, आणि ते आपण भेगा पडलेल्या त्वचेवर चोळत असतो.

इथे एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: 'ग्लिसरीन आहे ना, मग खराब कसं होईल?' मुरांबा वर्षभर टिकतो पण त्याच साखरेचं सरबत दुसऱ्या दिवशी आंबतं, तसं हे आहे. दाट ग्लिसरीनमध्ये जंतूंना वापरता येईल असं मोकळं पाणी उरत नाही, म्हणून मेडिकलमधली बाटली उघडल्यावरही टिकते. निम्म्याहून कमी ग्लिसरीन असलं की तो आधार संपतो. आपण चेहऱ्यासाठी ठेवतो तेवढ्या पाच-सहा टक्क्यांत तर संरक्षण अजिबात नसतं. घरी पाकळ्या उकळून केलेलं गुलाबपाणी, ताजी कोरफड, काकडीचा रस, ग्रीन टी यांपैकी काही घातलं असेल तर जंतूंना खाद्यही मिळतं.

म्हणून हे पाळा:

बाटली गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. ओल्या बाटलीत भरलेलं मिश्रण सगळ्यात आधी जातं. तोंड रुंद असलेली बरणी नको, बोटं बुडतात. पंपाची किंवा स्प्रेची बाटली घ्या. पाणी नळाचं, विहिरीचं, बोअरचं थेट नको. उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड चालेल. एका वेळी ५० मिलीच करा, तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर बाटलीवर ठळक अक्षरांत 'लावायचं, प्यायचं नाही' असं लिहा. ते गोडसर लागतं आणि घरातली मुलं सरबत समजून उचलतात.

उटण्यात किंवा मुलतानी मातीत ग्लिसरीन घालून डबा भरून ठेवणाऱ्या बऱ्याच जणी असतात. उटणं कोरडंच ठेवा. अभ्यंगस्नानाच्या पहाटे वाटीत घेताना दोन-चार थेंब ग्लिसरीन घाला. ओलं करून ठेवलेल्या डाळीच्या पिठाला बुरशी यायला दोन दिवस पुरतात.

पाचवी तपासणी: हवा (खर्च: आर्द्रतामापक आणि क्लिंग फिल्म)

साबणाच्या घामाची तक्रार इथे येते आणि ती मनाला सर्वांत लागते. भाऊबीजेला किंवा रक्षाबंधनाला द्यायला म्हणून गुलाबाच्या पाकळ्या घालून केलेल्या सुंदर पारदर्शक वड्या, आणि डबा उघडल्यावर सगळ्या ओल्याचिंब. रक्षाबंधन तर ऐन श्रावणात येतं.

सगळ्यात आधी हे समजून घ्या की साबण बिघडलेला नाही. वितळवून ओतायच्या सोप बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं. त्यामुळेच तो वितळतो, पारदर्शक दिसतो आणि अंगाला मऊ लागतो. पावसाळ्यात रत्नागिरीपासून ठाण्यापर्यंत हवेत इतकी वाफ असते की वडीतलं ग्लिसरीन ती ओढून घेतं आणि पृष्ठभागावर थेंब जमतात. अंघोळीला तो साबण नेहमीसारखाच चालतो. फक्त देखणेपणा जातो, कागदी वेष्टन भिजतं आणि रंग पसरतो.

घाम वाढवणाऱ्या गोष्टी मी या क्रमाने विचारते.

फ्रिजमध्ये गार केला का? लवकर घट्ट व्हावा म्हणून साचा फ्रिजरमध्ये ठेवला जातो. गार वडी बाहेर काढली की हवेतली वाफ तिच्यावर लगेच जमते आणि ग्लिसरीन ती सोडत नाही. साचा पंख्याखाली ओट्यावरच गार होऊ द्या, चार-पाच तास लागले तरी चालतील.

बेस उकळला का? बेस मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा आणि ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. थर्मामीटर नसेल तर एवढं बघा की बुडबुडे आणि दाट वाफ दिसता कामा नये. उकळला की बेसमधलं पाणी उडतं, आणि उरलेला भाग ते पाणी हवेतून परत भरून काढतो. मायक्रोवेव्हमध्ये वितळवत असाल तर थोडा थोडा वेळच ठेवा आणि मधे ढवळा.

वरून ग्लिसरीन घातलं का? अनेकींना वाटतं की आणखी एक चमचा घातला तर साबण आणखी मऊ होईल. बेसमध्ये ते आधीच पुरेसं असतं. वरचा चमचा घामात जातो आणि वडी गिळगिळीत होते. मध घातला तरी तेच होतं. ताजी कोरफड किंवा दूध घातलं तर काही दिवसांत आत डाग आणि बुरशी दिसते.

उघडा ठेवला का? साच्यातून काढल्या काढल्या प्रत्येक वडी क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, आत हवा राहू देऊ नका. मला सापडलेल्या उपायांत हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा आहे. कागदी वेष्टन, दोरी, गोंडा हे सगळं त्याच्या वरून. सिलिका जेलच्या पुड्या डब्यात टाकल्या तर मदत होते, पण वडी उघडी असेल तर त्या दमट हवेत लवकरच भरून जातात.

आधीच घामेजलेल्या वड्या असतील तर त्या कोरड्या सुती फडक्याने टिपा, एसी असलेल्या खोलीत ड्राय मोडवर जाळीवर सुकवा आणि सुकल्यावर लगेच गुंडाळा. उन्हात ठेवू नका, कडा वितळतात.

कॉस्टिक सोडा आणि तेल घेऊन केलेल्या साबणालाही पावसाळ्यात थोडा घाम येतो. साबण होताना तेलातूनच ग्लिसरीन सुटतं, शंभर ग्रॅम तेलामागे दहा ग्रॅमच्या आसपास, आणि घरगुती पद्धतीत ते आतच राहतं. त्या वड्यांना मात्र क्लिंग फिल्म लावू नका. त्यांना चार ते सहा आठवडे उघड्यावर, वारं लागेल अशा जागी मुरू द्यावं लागतं.

घरातली हवा नेमकी किती दमट आहे हे कळण्यासाठी छोटं डिजिटल आर्द्रतामापक घ्या. आकडा ६० च्या वर असेल त्या दिवशी सोप बेसचं काम काढू नका, किंवा बंद खोलीत एसी लावून करा. हेच यंत्र हिवाळ्यातही कामाला येतं. आकडा ३० च्या खाली असेल त्या दिवसांत चेहऱ्यावर ग्लिसरीनच्या वर क्रीम न लावता झोपू नका.

बाथ सॉल्ट आणि बाथ बॉम्बबद्दल माझं मत सरळ आहे: त्यांत ग्लिसरीन घालूच नका. बाथ बॉम्बमध्ये खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड कोरडे असेपर्यंतच एकमेकांशेजारी गप्प बसतात. ग्लिसरीनने आणलेल्या ओलाव्याने फसफसणं डब्यातच सुरू होतं आणि टबापर्यंत काही उरत नाही. बांधणीसाठी थोडं तेल पुरतं. खडे मीठ तर मुळातच ओलावा धरतं, त्याला आणखी साथ कशाला? साखरेच्या किंवा मिठाच्या स्क्रबमध्ये ग्लिसरीन चालतं, पण तो स्क्रब कोरड्या चमच्याने काढायचा. आणि वापरून झाल्यावर न्हाणीघराची फरशी गरम पाण्याने धुवा. घरात म्हातारी माणसं असतील तर हे विसरू नका, फरशी फार निसरडी होते.

सहावी तपासणी: ग्लिसरीन स्वतः (खर्च: नवी बाटली)

वरचं सगळं करूनही फरक नसेल तर ग्लिसरीन बदला. औषधांच्या दुकानातून, सीलबंद, लेबलवर 'आय.पी.' असलेलं घ्या. आय.पी. म्हणजे भारतीय औषधकोशाच्या निकषांनुसार. बॅच क्रमांक, उत्पादकाचं नाव आणि अंतिम तारीख असायलाच हवी. रसायनांच्या ठोक दुकानातलं सुटं, कॅनमधून ओतून दिलेलं ग्लिसरीन अंगाला लावू नका, ते कितीही स्वस्त असलं तरी.

मी याबाबत इतकी ताठर का आहे? ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ होऊ शकते. ते दिसायला तसंच, रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड असतं, पण विषारी असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा भेसळीचं ग्लिसरीन पोटात दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. आपण ते फक्त लावतो हे खरं, पण भेगांवर लावतो, ओठांवर लावतो, लहान मुलांना लावतो. ही भेसळ घरी ओळखायची कोणतीही युक्ती नाही. त्यामुळे खरेदीच नीट करायची.

पाणी घातलेलं ग्लिसरीन मात्र वजनावरून पकडता येतं. ५० मिली मोजून काट्यावर ठेवा, भांड्याचं वजन वजा करा. ६२-६३ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ५६-५७ भरलं तर आत पाणी किंवा दुसरं काहीतरी आहे. वजन बरोबर आलं म्हणून शुद्धतेची हमी मिळत नाही, पण चुकीचं आलं तर ती बाटली नक्की नको.

'व्हेजिटेबल' या शब्दासाठी जास्त पैसे द्यावेत का? ग्लिसरीन पाम, खोबरं, सोयाबीनच्या तेलापासून काढलेलं असो किंवा चरबीपासून, शुद्ध झाल्यावर रेणू एकच. त्वचेला फरक कळत नाही. शाकाहारी घरांत, जैन घरांत मात्र स्रोत महत्त्वाचा असतो, आणि आय.पी. लिहिलं म्हणजे वनस्पतिजन्य असं होत नाही. तिथे लेबलवर वनस्पतिजन्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलंच घ्या.

ठेवताना एक काळजी घ्या. भाज्या धुवायला किंवा पाणी शुद्ध करायला घरात पोटॅशियम परमँगनेट असेल तर ग्लिसरीन त्याच कप्प्यात ठेवू नका. दोन्ही एकमेकांवर सांडले तर काडी न लावता आग लागते.

सातवी तपासणी: परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) आणि पीएच (खर्च आणि कष्ट सर्वाधिक)

आठवड्यापेक्षा जास्त टिकवायचं असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह घालावंच लागतं. व्हिटॅमिन ई, कडुनिंब, हळद, कापूर यांनी ते काम होत नाही. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, पाण्यातल्या जंतूंना नाही. फिनॉक्सिएथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह १ टक्क्याच्या आत वापरतात. म्हणजे १०० ग्रॅममागे जास्तीत जास्त १ ग्रॅम, आणि ते मोजायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही. सोडियम बेन्झोएट हवं असेल तर मिश्रणाचा पीएच ५ च्या खाली असावा लागतो, नाहीतर ते काम करत नाही, म्हणजे पीएच पट्ट्याही आल्या.

काटा आणि पट्ट्या घ्यायची तयारी नसेल तर या पायरीवर येऊच नका. अंदाजाने घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह कमी पडलं तर जंतू वाढतात आणि जास्त झालं तर त्वचा जळते. ५० मिलीची ताजी बाटली, फ्रिज आणि आठवडा, एवढ्यात घरचं भागतं.

इथे थांबा आणि डॉक्टरांकडे जा

नवं मिश्रण कोणतंही असो, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. त्यानंतर पुढील काही दिसलं तर वरच्या तपासण्या करत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञ गाठा:

- लावल्यावर सूज, गांधी, फोड. डोळ्यांभोवती किंवा ओठांवर सूज आली तर त्याच दिवशी जा, आणि श्वास लागत असेल तर थेट रुग्णालयात.
- भेगांतून रक्त, पू किंवा पाणी.
- मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला भेग किंवा जखम. दुखत नसली तरी जा. संवेदना कमी झालेल्या पायाची जखम दुखत नाही, म्हणूनच ती हाताबाहेर जाते.
- बाळाच्या गालांवर, कोपरांत, गुडघ्यांमागे वारंवार लाल, खाजरे चट्टे.
- गोल कडा असलेले खाजरे चट्टे. हा नायटा असू शकतो. त्यावर ग्लिसरीनने काही होत नाही, आणि मेडिकलवाल्याने दिलेल्या स्टिरॉइडच्या मिश्र क्रीमने तो दबून पुन्हा पसरतो.
- नीट प्रमाणात, ओल्या त्वचेवर, वर क्रीम लावून दोन-तीन आठवडे झाले तरी सगळं अंग कोरडंच, आणि सोबत थकवा, वजन वाढणं, केस गळणं. अशा वेळी थायरॉइडची तपासणी करून घ्यावी लागते.

विकायचं मनात असेल तर तिथेही थांबा. साबण आणि क्रीम ही कायद्याने सौंदर्यप्रसाधनं आहेत. ती बनवून विकायला परवाना लागतो, आणि त्याची चौकशी आपल्या जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करायची. बचत गटाच्या नावाने विकलं म्हणून सूट मिळते असं समजू नका.

डॉक्टरांकडे जाताना बाटली बरोबर न्या, रिकामी असली तरी. ग्लिसरीन आणि गुलाबपाण्याच्या लेबलांचे फोटो काढून ठेवा आणि आत घातलेली प्रत्येक गोष्ट प्रमाणासह कागदावर लिहा, लिंबू घातलं असेल तर तेही. मिश्रण कधी केलं, किती दिवस लावलं आणि त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, हे त्याच कागदावर असू द्या.